पिकअपमागे कॅराव्हॅन जोडण्याआधी वजनकाट्यावर जा

प्रश्न थोडक्यात असा आहे. जुळे सोलापुरातील एका गृहस्थांनी चार जणांच्या कुटुंबासाठी एका आसाची जुनी कॅराव्हॅन घेतली आहे आणि ती ओढण्यासाठी त्यांच्याकडे डबल-कॅब डिझेल पिकअप आहे. सामानासह कॅराव्हॅनचे वजन 1,380 किलो भरते, पिकअपची ओढण्याची क्षमता कागदोपत्री याच्या दुपटीहून अधिक आहे. तरीही पुणे रस्त्याला मोहोळच्या पुढे वेग 75 च्या वर गेला की कॅराव्हॅन मागे झुलू लागते आणि एखादी मोठी बस शेजारून गेली की स्टिअरिंग हलके लागते. पिकअपच्या मागच्या ज्या गोळ्यावर कॅराव्हॅन जोडली जाते त्या बॉलवर येणारा भार त्यांनी मोजला, तो 55 किलो निघाला. गॅरेजमधून त्यांना पिकअपच्या मागच्या कमानींचे पाटे वाढवण्याचा सल्ला मिळाला आहे. पाटे वाढवावेत का आणि दिवाळीच्या सुट्टीत आंबा घाटाने रत्नागिरीला जाण्यापूर्वी आणखी काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

पाटे वाढवू नयेत. आपल्या तक्रारीचे कारण पिकअपच्या कमानींमध्ये नाही, ते कॅराव्हॅनमध्ये सामान कोठे ठेवले आहे यात आहे, आणि ते आपणच मोजलेल्या 55 या आकड्यात स्पष्ट दिसते. 1,380 किलोच्या ट्रेलरसाठी 55 किलो म्हणजे जेमतेम चार टक्के होतात. मध्यभागी एकच आस असलेल्या अशा ट्रेलरच्या बाबतीत एकूण वजनाच्या 10 ते 15 टक्के भार बॉलवर असावा, हा अनुभवाने पक्का झालेला नियम आहे. युरोपात याहून कमी भार चालवून घेतात, परंतु तेथील कॅराव्हॅनची रचना, हिचच्या (ट्रेलर जोडण्याच्या साधनाच्या) मर्यादा आणि ट्रेलरसाठीचे वेगाचे निर्बंध हे सगळे त्या हिशेबाने ठरलेले आहे. त्यातला केवळ एक आकडा उचलून आपल्या रस्त्यावर वापरणे बरे नव्हे. बैलगाडी उलाळ झाली तर जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाते आणि गाडीवर ताबा राहत नाही, हे आपल्याकडे कोणाला सांगावे लागत नाही. मागे जड झालेल्या ट्रेलरचे तसेच होते. फरक इतकाच की येथे वेग ताशी 75 किलोमीटर असतो आणि झोका आडवा बसतो.

हा झोका कसा वाढतो ते समजून घेतले की पुढचे सर्व उपाय आपोआप पटतात. वाऱ्याच्या धक्क्याने किंवा बसच्या पुढच्या हवेच्या दाबाने ट्रेलर बॉलभोवती किंचित वळतो. बॉलवर पुरेसा भार असेल तर त्याची चाके त्याला परत रेषेत आणतात आणि प्रत्येक झोका आधीच्या झोक्यापेक्षा लहान होत जातो. वेग वाढत जातो तशी ही शमण्याची क्षमता घटत जाते, आणि एका वेगानंतर झोके लहान होण्याऐवजी मोठे होऊ लागतात. वजन मागे सरकले की हा धोक्याचा वेग खाली येतो. आपल्या जोडणीचा तो वेग आज 75 च्या आसपास आला आहे, असा याचा अर्थ आहे. उतारावर, आडव्या वाऱ्यात किंवा पिकअपच्या मागच्या टायरमध्ये हवा कमी असताना तो आणखी खाली येईल.

आता आपल्या मांडणीकडे पाहू. आपण पाठवलेल्या आकृतीत आस ते कप्लर (ट्रेलरच्या टोकाचा, बॉलवर बसणारा जोड) हे अंतर 3.6 मीटर आहे. दोन सायकली व त्यांचा स्टँड मिळून 35 किलो वजन आसाच्या मागे 2.4 मीटरवर टांगलेले आहे. 60 लिटरची भरलेली पाण्याची टाकी आसाच्या मागे 1.8 मीटरवर आहे. आणि बॅटरी व इन्व्हर्टरची सुमारे 40 किलोची पेटी मागच्या पलंगाखाली, आसापासून दोन मीटरवर आहे. वजन गुणिले अंतर भागिले 3.6, एवढाच हिशेब करायचा आहे. सायकली काढून पिकअपच्या हौद्यात ठेवल्या तर बॉलवर सुमारे 23 किलो भार वाढतो. पाण्याची टाकी प्रवासात रिकामी ठेवली तर 30 किलो वाढतो. बॅटरीची पेटी आसाच्या एक मीटर पुढे आणली तर ती एकूण तीन मीटर सरकते आणि 33 किलो वाढतो. म्हणजे एक रुपयाचे नवे सामान न घेता 55 चे सुमारे 141 किलो होतात, ट्रेलरचे वजन 1,380 वरून 1,285 किलोवर येते आणि प्रमाण अकरा टक्के बसते. पाणी रत्नागिरीतही मिळते; ते सोलापुरातून वाहून नेण्याचे कारण नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. मागचे सामान तसेच ठेवून पुढच्या टोकाला तेवढेच जड सामान चढवले, तर बॉलवरचा आकडा बरोबर येईल पण ट्रेलर सुधारणार नाही. दोन्ही टोकांना वजन असलेला ट्रेलर एकदा झुलू लागला की लवकर थांबत नाही. जड वस्तू आसाच्या जवळ, किंचित पुढे आणि शक्य तितक्या जमिनीलगत ठेवाव्यात. वरच्या कपाटांत कपडे व अंथरुणे यांखेरीज काही ठेवू नये.

बॉलवरचा भार मोजण्यासाठी अडत दुकानात पोती तोलण्याचा जो इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा असतो तो उत्तम. ट्रेलर सपाट फरशीवर उभा करून त्याच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी उटी लावाव्यात, काट्यावर लाकडी ठोकळा ठेवून त्यावर कप्लर टेकवावा आणि ठोकळ्याची उंची अशी घ्यावी की कप्लर प्रत्यक्ष बॉलच्या उंचीवरच राहील. ट्रेलरचे नाक वर किंवा खाली असेल तर आकडा बदलतो. घरातील माणसाचे वजन करण्याचा काटा यासाठी वापरू नये. अशा अनेक काट्यांची मर्यादा 141 किलोच्या भाराला पुरत नाही.

त्यानंतर मोठ्या वजनकाट्यावर जावे. अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीच्या बाजूला किंवा होटगी रस्त्याला काटा मिळेल. साखर कारखान्यालगतचा काटा गळीत हंगामात टाळावा, कारण उसाच्या ट्रॅक्टरच्या रांगेत आपली कॅराव्हॅन कोणाला सोयीची नसते. काटा निवडताना एकच गोष्ट पाहावी: प्लॅटफॉर्म आणि त्याच्या दोन्ही बाजूंचा रस्ता एका पातळीत असावा, नाहीतर एकेका आसाचे वजन चुकीचे येते. संपूर्ण कुटुंब गाडीत बसलेले, डिझेलची टाकी भरलेली आणि हौद्यात सामान, अशा स्थितीत प्रथम पिकअप एकटीच तोलावी. आधी केवळ पुढची चाके प्लॅटफॉर्मवर घेऊन आणि मग संपूर्ण गाडी. नंतर ट्रेलर जोडून तीन पावत्या घ्याव्यात: पिकअपची केवळ पुढची चाके, पिकअपची चारही चाके, आणि पिकअप व ट्रेलर दोन्ही. जोडलेल्या पिकअपच्या चारही चाकांच्या वजनातून एकट्या पिकअपचे वजन वजा केले की बॉलवरचा भार मिळतो. मोठ्या काट्याच्या दहा-वीस किलोंच्या टप्प्यामुळे तो ढोबळ असतो, म्हणून वर प्लॅटफॉर्म काट्याचा आग्रह धरला.

या पावत्यांमध्ये मी सर्वांत आधी पुढच्या आसाचा आकडा पाहतो. बॉल हा मागच्या आसाच्याही मागे असतो, त्यामुळे बॉलवरचा भार मागच्या चाकांवर केवळ जसाच्या तसा बसत नाही. तो पुढची चाके उचलतो आणि उचललेले वजनही मागेच टाकतो. आपल्या पिकअपचा व्हीलबेस, म्हणजे दोन आसांमधले अंतर, सुमारे 3.1 मीटर आणि मागच्या आसापासून बॉल 1.3 मीटर असे धरले, तर 140 किलोच्या भाराने पुढचा आस सुमारे 60 किलोंनी हलका होतो आणि मागचा सुमारे 200 किलोंनी जड होतो. पुढचा आस हलका झाला की स्टिअरिंगची पकड आणि पुढच्या ब्रेकचा उपयोग दोन्ही कमी होतात, आणि हेडलाइटचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. हौद्यात जड सामान मागच्या फळीशी न ठेवता केबिनच्या पाठीला लावून ठेवल्यास यातला काही भाग परत मिळतो. सायकलीही तशाच ठेवाव्यात.

पाटे का वाढवू नयेत, याचे उत्तर येथे आहे. जादा पाट्यांनी मागची उंची वाढते, गाडी सरळ दिसते आणि काम झाल्यासारखे वाटते. परंतु पुढच्या आसावरून गेलेले वजन त्यामुळे परत येत नाही, नोंदणी प्रमाणपत्रावरची एकूण वजनाची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, आणि रिकामी पिकअप उडी मारत चालू लागते ती वेगळीच. पुढच्या आसावर खरोखर वजन परत नेणारे साधन म्हणजे स्प्रिंग बार असलेला भार-वाटप हिच. त्याचे दोन बार ट्रेलरच्या दांड्याला ताणून बांधले जातात आणि त्या ताणामुळे बॉलवरच्या भाराचा काही हिस्सा पुढच्या आसावर व काही ट्रेलरच्या आसावर जातो. आपल्याला तो आज लागेल असे मला वाटत नाही. वजनांची फेरमांडणी केल्यावर पुढच्या आसाची घट साठ-सत्तर किलोंच्या आत राहिली तर साधा हिच पुरेसा आहे. घट शंभराच्या वर गेली तरच त्या खर्चाचा विचार करावा, आणि तोही आपल्या रिसीव्हरच्या (पिकअपच्या चासीला बसवलेल्या हिचच्या चौकटीच्या) उत्पादकाने त्याला परवानगी दिली असेल तर.

हिचच्या पाटीवर 1,500 आणि 150 असे दोन आकडे आपल्या छायाचित्रात दिसतात. पहिला ओढायच्या वजनाचा आणि दुसरा बॉलवरच्या उभ्या भाराचा आहे. पिकअप, रिसीव्हर, बॉल आणि कप्लर या चौघांच्या मर्यादांपैकी जी सर्वांत लहान असेल तीच आपली मर्यादा. जाहिरातीतला टनांचा आकडा येथे काही कामाचा नाही. 141 किलो 150 च्या आत बसतात, पण फार जागा उरत नाही. म्हणून ट्रेलरच्या पुढच्या पेटीत नंतर गॅसची टाकी ठेवायची असेल तर पुन्हा मोजावे. पिकअपच्या बाजूने हिशेब सोपा आहे. एकूण मर्यादा 2,900 आणि रिकामे वजन 2,050 म्हणजे 850 किलो हाती राहतात. त्यातून माणसे, हौद्यावरचे झाकण, सामान, हिचचे स्वतःचे वजन आणि बॉलवरचा भार हे सर्व भागवायचे आहे. बॉलवरचा भार या बेरजेत धरायला बहुतेक जण विसरतात.

बॉलच्या मापाबद्दल थोडे. आपल्याकडे 50 मिलिमीटरचे बॉलही मिळतात आणि अमेरिकी पद्धतीचे दोन इंची, म्हणजे 50.8 मिलिमीटरचेही. फरक एका मिलिमीटरपेक्षा कमी आहे आणि डोळ्यांना दिसत नाही. दोन इंची कप्लर 50 च्या बॉलवर ढिला बसून खडखडतो, आणि 50 चा कप्लर दोन इंची बॉलवर पूर्ण खाली न बसताही कुलूप लागल्यासारखा वाटू शकतो. बॉलवर कोरलेले माप वाचावे, कोरलेले नसेल तर व्हर्नियर लावावा. कप्लर बंद केल्यावर ट्रेलरचा जॅक फिरवून नाक वर उचलावे. पिकअपचा मागचा भाग त्याबरोबर उचलला गेला म्हणजे कप्लरने बॉल खरोखर पकडला आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि ती प्रत्येक वेळी करावी.

काही फॅब्रिकेटर ऊस वाहतुकीच्या ट्रॉलीसारखा डोळा आणि पिन लावून देतात. ट्रॅक्टरच्या संथ वेगाला ते चालते; महामार्गाच्या वेगाला पिनमधली ढिलाई प्रत्येक ब्रेकला हिसका देते आणि झोक्याला निमित्त देते. त्याचप्रमाणे रिसीव्हर पिकअपच्या चासीला वेल्डिंग करून घेऊ नये. उत्पादकाने ठेवलेल्या छिद्रांमध्ये योग्य दर्जाचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळून तो बसवावा. मागचा पायरीचा बंपर म्हणजे हिच नव्हे.

सुरक्षा साखळ्या दोन असाव्यात आणि त्या कप्लरच्या खालून एकमेकींना छेद देत नेऊन थेट रिसीव्हरच्या कड्यांमध्ये अडकवाव्यात. कप्लर निसटला तर दांडा या फुलीवर झेलला जातो आणि रस्त्यात रुतत नाही. वळताना त्या ताणल्या जाऊ नयेत आणि सरळ जाताना रस्त्याला घासू नयेत, एवढी लांबी ठेवावी.

यापेक्षा अधिक काळजी मला ब्रेकची वाटते. आपल्या कॅराव्हॅनला इलेक्ट्रिक ड्रम ब्रेक आहेत, पण पिकअपमध्ये कंट्रोलरच नाही, म्हणजे आजपर्यंत तेराशे-चौदाशे किलोंचा ट्रेलर आपण केवळ पिकअपच्या ब्रेकवर थांबवत होता. विक्रेत्याने ‘पिकअपचे ब्रेक मोठे आहेत, चालते’ असे सांगितले असेल तर ते मनावर घेऊ नये. ब्रेक दाबल्यावर न थांबणारा ट्रेलर मागून ढकलतो, आणि वळणावर तो ढकलताना पिकअपचा मागचा भाग बाजूला सारतो. ट्रेलरच्या ड्रममधील विद्युतचुंबकाला किती प्रवाह द्यायचा हे कंट्रोलर ठरवतो. गाडीचा वेग किती झपाट्याने कमी होत आहे ते ओळखून त्या प्रमाणात प्रवाह देणारा कंट्रोलर घ्यावा. ठरावीक वेळेनुसार प्रवाह वाढवणारा स्वस्त प्रकार घाटात समाधान देत नाही.

कंट्रोलर बसवल्यावर त्याचा गेन, म्हणजे ट्रेलरच्या ब्रेकचा जोर, लावणे हे काम मात्र आपणच करावे, कारण ते भरलेल्या ट्रेलरसहच करता येते. सुट्टीच्या दिवशी सकाळी चिंचोळी एमआयडीसीतला एखादा रिकामा, सपाट, कोरडा रस्ता घ्यावा. ताशी चाळीसच्या वेगाने जाताना पिकअपचा ब्रेक न दाबता कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबावी. ट्रेलरने गाडी नुसतीच किंचित मागे ओढली तर गेन वाढवावा. चाके लॉक होऊन टायर ओरडले तर कमी करावा. चाके लॉक होण्याच्या थोडे अलीकडे जो आकडा येतो तो आपला. ट्रेलर रिकामा असताना किंवा रस्ता ओला असताना हा आकडा खाली आणावा लागतो.

ट्रेलर सुटला तर स्वतःच ब्रेक लावणारी बारीक तार, पिन आणि छोटी बॅटरीही बसवून घ्यावी. ती तार साखळीला किंवा बॉलला न अडकवता रिसीव्हरला स्वतंत्रपणे अडकवावी. तपासणीसाठी ट्रेलरचे एक चाक जॅकवर उचलून पिन ओढावी आणि चाक हाताने फिरते का पाहावे. फिरले तर बॅटरी मेलेली आहे किंवा जोडणीत दोष आहे. दिव्यांची जोडणी पिकअपच्या मागच्या दिव्यांच्या तारा सोलून, पीळ देऊन आणि टेप गुंडाळून करू नये. स्वतंत्र फ्यूज व रिले असलेले मॉड्यूल वापरावे आणि अर्थची तार जाड घ्यावी. ट्रेलरचे इंडिकेटर विचित्र लुकलुकण्याचे कारण बहुतेकदा खराब अर्थ हेच असते.

टायरकडे आपण पाहिले नसावे, असे छायाचित्रावरून वाटते. टायरच्या बाजूला 91 हा भार निर्देशांक दिसतो. त्याचा अर्थ प्रत्येक टायरला 615 किलो, दोघांना मिळून 1,230 किलो. आपल्या जुन्या मांडणीत ट्रेलरच्या आसावर 1,325 किलो होते, म्हणजे दोन्ही टायर मर्यादेबाहेर धावत होते. नव्या मांडणीत आसावर सुमारे 1,144 किलो येतील. ते मर्यादेत आहेत, परंतु खड्डे, एका बाजूला झुकलेला भार आणि सोलापूरचे ऊन लक्षात घेता एवढी सवलत मला पुरेशी वाटत नाही. निर्देशांक 95, म्हणजे प्रत्येकी 690 किलो, यापेक्षा कमी टायर लावू नयेत, आणि नव्या टायरला लागणारी हवा रिम सोसते ना हेही विचारावे. बाजूला कोरलेल्या चार आकड्यांच्या गटात पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे असतात. कॅराव्हॅनचे टायर झिजण्यापूर्वीच उन्हात उभे राहून म्हातारे होतात. सहा वर्षांपलीकडचे टायर नक्षी शाबूत असली तरी बदलावेत. हवा सकाळी, गाडी हलवण्यापूर्वी मोजावी. दुपारी टेंभुर्णीला थांबल्यावर दाब वाढलेला दिसेल. तो वाढणारच, म्हणून हवा सोडू नये. पिकअपच्या मागच्या टायरमध्ये दाराच्या खांबावरील पट्टीत भरलेल्या गाडीसाठी दिलेला दाब ठेवावा.

कागदपत्रांचेही पाहून घ्यावे. मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील मोटार वाहनाच्या व्याख्येत ट्रेलरचाही समावेश आहे, त्यामुळे कॅराव्हॅनची स्वतंत्र नोंदणी आणि विमा लागतो. पिकअपचा एमएच-13 क्रमांक मागे रंगवून ती गरज भागत नाही. जुनी कॅराव्हॅन घेताना विक्रेत्याने तिची नोंदणी दाखवली नसेल, तर प्रवासाआधी परिवहन कार्यालयात जाऊन हे प्रकरण मार्गी लावावे.

आंबा घाटाचा बेत पहिल्याच फेरीत करू नये. आधी वजने बदलून तुळजापूरला जाऊन यावे. तेथपर्यंतचा रस्ता चांगला आहे आणि शेवटचा छोटा घाट ब्रेक व गेन पाहायला पुरेसा आहे. निघाल्यावर पंचवीस-तीस किलोमीटरवर थांबून ट्रेलरच्या दोन्ही चाकांच्या मधल्या भागाजवळ हात न्यावा. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम लागली तर त्या बाजूचे बेअरिंग किंवा ब्रेक चिकटत आहे. चाके नुकतीच काढून बसवली असतील तर याच थांब्यावर नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळावेत. सपाटीवर सत्तरच्या वर जाऊ नये. तरीही झोका आलाच तर अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे, झोक्याच्या उलट स्टिअरिंग फिरवत बसू नये, पिकअपचा ब्रेक जोरात दाबू नये आणि कंट्रोलरची कळ हळूहळू दाबून केवळ ट्रेलरचे ब्रेक लावावेत. वेग वाढवून ट्रेलर सरळ खेचता येतो असे सांगणारे चालक भेटतात. त्यांचे ऐकू नये.

आंबा गावातून साखरप्याकडे उतरताना उतार सुरू होण्यापूर्वीच गिअर खाली घ्यावा, उतारात नव्हे. ज्या गिअरमध्ये ही जोडी तोच चढ चढली असती त्या गिअरमध्ये ती उतरवावी, म्हणजे इंजिन वेग धरून ठेवते. ब्रेकवर पाय सतत टेकवून ठेवण्यापेक्षा थोडा जोरात दाबून वेग कमी करावा, पूर्ण सोडावा आणि वेग पुन्हा वाढला की पुन्हा दाबावा; मधल्या वेळात ड्रम आणि डिस्क थंड होतात. करपल्याचा वास आला तर पहिल्या रुंद जागी थांबावे, चाकांना उटी लावाव्यात आणि ब्रेक हात लावण्याजोगे होईपर्यंत वाट पाहावी. त्यावर पाणी ओतू नये. गरम ड्रमला अचानक गार पाणी लागले तर तडा जाण्याचा संभव असतो.